बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबतो, मशीन लावूनही पायात जोर नाही. व्यायामाने फरक पडेल का? आणि मशीन सुटेल का?

फरक पडेल. मशीन सुटेल का, तर बहुतेक नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं भलत्या आशेने वाचणार नाही.

मी डॉक्टर नाही, गुहागरला हार्डवेअरचं दुकान आहे, वय 51, आणि तुमच्या बाबांसारखाच पेशंट. तुम्ही लिहिलंय की महिनाभर सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन, लावतायत, दिवसाची पेंग गेली पण कलमांच्या बागेतली घाटी चढताना अजून दोनदा टेकावं लागतं, ते वाचून मला माझा शिमगा आठवला. दरवर्षी पालखी नाचवायला मी पुढे असायचो, त्या वर्षी खांदा दिला आणि पाच मिनिटांत मांड्या लटलटायला लागल्या, शेवटी पोरांनीच बाजूला घेतलं. सगळे म्हणाले वय झालं, एका डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली, घोरण्याबद्दल कोणी विचारलंच नाही. बायको मात्र वर्षभर सांगत होती की अहो तुमचा श्वास मधेच थांबतो, मी जागी राहून मोजते. मग स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी केली, तासाला 38 वेळा श्वास अडत होता. हा आकडा 30 च्या वर गेला की सिव्हिअर, म्हणजे तीव्र.

आता घशाचा आणि मांडीचा संबंध काय, हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. झोपेत जिभेचा आणि घशाचा स्नायू सैल पडतो, नळी मिटते, छाती मात्र आत ओढतच राहते, म्हणजे बूच लावलेल्या बाटलीतून हवा ओढल्यासारखं, रात्रभर. दर वेळी ऑक्सिजन खाली जातो आणि मेंदू दचकून उठवतो, तुम्हाला कळत पण नाही. हे वर्षानुवर्षं झालं की जे मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळतात ते दिवसासुद्धा तापलेलेच राहतात, स्नायूला रक्त कमी पोचतं, पेशीतलं ऑक्सिजन वापरायचं यंत्रही मंदावतं. म्हणून तर अशा माणसांची दमसास टेस्ट केली की त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या माणसापेक्षा ती बऱ्याचदा कमी भरते. त्यात दमतो म्हणून हालचाल कमी आणि हालचाल कमी म्हणून अजून दमतो. मशीन रात्रीची नळी उघडी ठेवतं, पण इतक्या वर्षांत उतरलेली मांडी ते कशी भरून देणार? ती चालूनच परत येते.

आणि वजन उतरलं नाही म्हणून बाबांना सोडून देऊ नका, इथेच बरेच जण हरतात. अमेरिकेत 2011 साली एक अभ्यास आला, 12 आठवडे, आठवड्याला 150 मिनिटं चालणं-सायकल आणि दोन दिवस वजनं उचलणं. त्या लोकांचा आकडा साधारण 32 वरून 25 च्या खाली आला, आणि वजन जवळपास तेवढंच! माझंही तसंच झालं, 91 चा 89 झालो फक्त, पण सात महिन्यांनी मशीन न लावता टेस्ट केली तर 38 चे 27. म्हणजे सिव्हिअरमधून सुटलो पण मशीनमधून नाही. वजन उतरलं तर अजून चांगलं, तो भाग सगळे सांगतातच.

वजनाशिवाय कसं काय कमी होतं, याचं एक कारण मला फार पटलं. दिवसभर गल्ल्यावर बसलो की पायात पाणी साठतं, मोज्याचा वळ उठतो बघा, आणि रात्री आडवं झालो की तेच पाणी वर सरकून मानेत येतं, नळी अजून अरुंद. पोटऱ्या चालल्या की पाणी साठत नाही. म्हणून मी दुकान बंद केल्यावर संध्याकाळी चालतो, आधी ओल्या घट्ट वाळूवरून दहा मिनिटं, आता असगोलीच्या बाजूला पाऊण तास. भुसभुशीत वाळूत सुरुवात नको, घोटे आणि गुडघे बोंबलतात. जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठबस, दहा-दहाचे तीन सेट. घाटीसाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

घशाचेही व्यायाम असतात. जीभ टाळूला चिकटवून मागे सरकवायची, गाल आत ओढायचे वगैरे, ब्राझीलमध्ये 2009 ला तीन महिने करून घेतले तेव्हा मध्यम त्रास असलेल्यांचा आकडा 22 वरून 14 च्या आसपास आला होता. स्वित्झर्लंडमध्ये तर 25 जणांना ऑस्ट्रेलियातलं ते लांब भोंग्यासारखं वाद्य, डिजेरिडू, चार महिने वाजवायला दिलं, फायदा झाला आणि 2017 ला इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, हसू नका. आपल्याकडे जयपूरला शंखावर तसाच प्रयोग झालाय, 30 पेशंट, सहा महिने, आणि शंखवाल्यांची दिवसाची झोप कमी झाली. अभ्यास लहान आहेत, पण देवघरात शंख असेल तर फुंकायला पैसे पडत नाहीत. माझा शंख अजून म्हशीसारखा हंबरतो, तो भाग वेगळा.

सुरू करण्याआधी बीपी आणि ईसीजी बघून घ्या, या आजारात बीपी बऱ्याचदा चढलेलं असतं. रात्रीचा पेग बंद, त्याने घसा अजून सैल पडतो. आणि मशीन न लावता झोपले असतील तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन घाटात पाठवू नका, मी एकदा स्टेअरिंगवर डुलकी काढलीय, पुढे एसटी होती.

पावसात किनारा बंद, तेव्हा पडवीत फेऱ्या मारायच्या. लाईट जाते म्हणून मशीनला इन्व्हर्टर लावून घ्या आणि लाईट गेली की ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनमधला हवा ओलसर करणारा भाग, बंद ठेवा, बॅटरी बरीच जास्त चालते. तसंही जुलैत तुमच्या देवगडच्या हवेला वरून आणखी पाणी कशाला पाजायचं!