गोळ्या, गणपती आणि बुधवारची ओपीडी: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी "विचारा काय विचारायचं ते" असं लिहून बसले आणि मेसेजेसचा असा पूर आला की दोन आठवडे वाचतेच आहे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे डॉक्टर गोळी लिहून देतात आणि ती घरी गेल्यावर घेतली जाते का, सासू ती मोरीत टाकत नाहीये ना, पुढच्या बुधवारी ओपीडीला यायला एसटीचे पैसे आहेत का, हे बघणारी बाई. त्यामुळे उत्तरंही तशीच येतील.

"ताई, आमच्या गणेश मंडळाला यंदा मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवायचंय. बजेट आहे. कुणाला बोलवू?" (मंडळाचा सेक्रेटरी, सातारा जिल्हा)

अरे वा, बजेट आहे म्हणणारा सेक्रेटरी मी पहिल्यांदाच बघतेय. पण खरं सांगू का, व्याख्यानं मी स्वतः खूप दिलीत आणि त्यातून काय होतं तेही मला माहितीये. एका गावात मांडवात दोन-अडीचशे माणूस होतं, तासभर बोलले, शेवटी म्हटलं विचारा प्रश्न, तर सगळं चिडीचूप. मग पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "म्हणजे हे वेड्यांचंच ना?" सगळे हसले, अध्यक्षांनी शाल-नारळ दिला, संपलं. मी बाहेर चपला शोधत होते तर एक बाई शेजारी वाकून, तीही चप्पल शोधतेय असं दाखवत हळूच बोलली, "मॅडम, माझ्या जावेला बाळंतपणापासून झोपच नाही, बाळाला हात लावत नाही ती." तिच्या चपला तिच्या पायातच होत्या.

तुझ्या मंडळाला त्या बाईसाठी काहीतरी करता येईल. बंगळुरूच्या निमहान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २०१५-१६ मध्ये देशभर सर्व्हे केला होता, त्यात शंभरातल्या साधारण दहा मोठ्या माणसांना काही ना काही मानसिक त्रास होता आणि आजारानुसार त्यातले ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. आता हे सगळे काही अडाणी म्हणून बाहेर नाहीत. जायचं कुठे, कुठल्या दिवशी आणि कुणासोबत, इथे गाडी अडते.

तर असं कर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून सरकारचा एक कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्यातली टीम तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी येते. तुमच्याकडे कुठला वार ते फोनवर विचारू नकोस, स्वतः जाऊन बघून ये. मग मांडवात मोठा बोर्ड लाव: वार, वेळ, खोली नंबर, सोबत काय आणायचं. खोली नंबर नक्की लिही, कारण "वेड्यांचा डॉक्टर कुठे बसतो" हे केसपेपरच्या खिडकीवर, मागे वीस जण उभे असताना विचारायची कुणाची हिंमत होत नाही. बोर्डावर "मनोरुग्ण" शब्द नको, "झोप येत नाही, टेन्शन, संशय, व्यसन, फीट" असं लिही, लोक याच नावांनी येतात. खाली १४४१६ हा नंबर टाक, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालाय. आणि मंडळाची पोरं आहेत ना वीस-पंचवीस, त्यातल्या दोघांनी वर्षभर त्या वारी बाइक घेऊन तयार राहायचं, कुणाला सोडायचं असेल तर. तोंड बंद ठेवणारी दोघं निवड एवढंच. व्याख्यानाचे पैसे पेट्रोलला जाऊदेत.

"शेजारच्या घरातला मुलगा दोन वर्षं एकटाच बोलतो, जेवणात विष घातलंय म्हणतो. घरचे दर अमावस्येला देवऋष्याकडे नेतात. आता पायात साखळी घातलीय. मी आशा सेविका आहे, मला गावात राहायचंय, भांडण नको. काय करू?"

तुमचं "मला गावात राहायचंय" हे वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे तुमचं, भांडून काही होतही नाही.

पहिलं म्हणजे त्या घरात देवऋष्याविरुद्ध एक शब्द बोलू नका. त्यांनी दोन वर्षं पैसे घातलेत, बोकड दिलेत, तुम्ही ते खोटं म्हणालात की दार बंद. गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातार दर्गा आहे, तिथे डॉक्टरांनी दर्ग्यातल्या मुजावरांनाच सोबत घेऊन काम केलं, दुवा पण घ्या आणि दवा पण घ्या म्हणून. मीही तेच म्हणते, अंगारा लावा की, त्याने काही बिघडत नाही, पण बुधवारी माझ्यासोबत चला. अट एकच घालते, मारहाण, चटके, मिरचीची धुरी नाही. भूत उतरवायच्या नावाखाली असं करणं आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

साखळीचं मात्र मऊ बोलून चालणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, त्याच्या कलम ९५ मध्ये आजारी माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला सरळ मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली तेव्हा पंचवीसहून जास्त माणसं गेली, साखळ्या होत्या म्हणून पळता आलं नाही. पण हे सगळं आईसमोर कायद्याच्या भाषेत बोलू नका हो. साखळी घालणारी आई वाईट नसते, बहुतेक वेळा ती दमलेली असते. एका घरी मी गेले होते तर त्या पोराच्या घोट्यावर, साखळीच्या आत, आईने जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती. घासू नये म्हणून. मी तिला विचारलं, रात्री तुम्ही किती झोपता? ती रडायलाच लागली, आणि मग बोलायला लागली. तुम्हीही तिथूनच सुरू करा.

तो यायलाच तयार नसेल तर आधी घरच्यांना एकटं डॉक्टरकडे न्या, सगळं सांगू देत, काय आणि कसं करता येईल ते डॉक्टर सांगतात. गोळी चुकवणाऱ्यांसाठी महिन्याचं इंजेक्शनही असतं. फारच आक्रमक असेल तर त्याची तयारी नसतानाही भरती करता येतं, पण त्यासाठी त्याच्या नेमलेल्या प्रतिनिधीचा, म्हणजे बहुतेक वेळा घरच्याच कुणाचा, अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण ती शेवटची पायरी. आणि इतकं करूनही घरचे छळच करत असतील तर त्याच कायद्यात पोलीस स्टेशनला कळवायची तरतूद आहे. तिथे एकट्या जाऊ नका, तुमच्या मेडिकल ऑफिसरांना सोबत घ्या, म्हणजे गावात तुमचं एकटीचं नाव होणार नाही.

"सोयाबीन गेलं, सोसायटीचं कर्ज आहे. हे दिवसभर पडून असतात, परवा म्हणाले मी नसलो तर तुमचं बरं होईल. मी असं काही विचारलं तर त्यांच्या डोक्यात उगाच येईल का?" (यवतमाळ)

नाही येणार. हे आधी डोक्यातून काढा. जे ते मनात घोळवतायत ते विचारल्याने वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो. आज रात्री जेवण झाल्यावर, पोरं झोपल्यावर, सरळ विचारा, "तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?" असंच विचारा. "असं वेड्यासारखं काही करणार नाही ना?" असं विचारलंत तर ते नाही म्हणणार, कारण प्रश्नातच तुम्ही उत्तर दिलंत. हो म्हणाले तर रडू आलं तरी चालेल, पण रागावू नका, पोरांची शपथ घालू नका. ऐका. त्यांना एकटं ठेवू नका.

दुसरं, हे वाचून झालं की लगेच. फवारणीचं औषध घरात असेल तर ते बाहेर काढा, दिराकडे, शेजाऱ्याकडे, कुणाकडेही कुलपात, किल्ली त्यांना माहीत नको. तुम्हाला वाटेल याने काय होतंय, ज्याला करायचंय तो करणारच. तसं नसतं. ती तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळेत हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर एकेक करत बंदी आणली आणि १९९५ नंतर तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या.

तिसरं, १४४१६ ला तुम्ही स्वतः फोन लावा, त्यांनीच करायला पाहिजे असं नाही. आणि जमलं तर उद्याच डॉक्टर. त्यांनी आज काही करणार असं बोलून दाखवलं तर उद्यापर्यंत थांबू नका, रात्री असेल तरी सरकारी दवाखान्यात घेऊन जा. पोलीस केस होईल ही भीती असते लोकांना, पण २०१७ च्या कायद्यातच आहे की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणात होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. गोळ्या सुरू झाल्या तर पहिले दोन-तीन आठवडे फारसा फरक दिसत नाही, तेवढ्यात "काही गुण नाही" म्हणून बंद करू देऊ नका. कर्जाचं बोलणं होईल, पुनर्गठन वगैरे मार्ग असतात, पण आत्ता या आठवड्यात त्या कागदांवरून घरात वाद नको.

तुम्ही मला परत लिहा. काय झालं ते कळवाच.

"आमच्या ग्रामीण रुग्णालयात तीन महिने झाले, डॉक्टर गोळ्या लिहितात पण खिडकीवर 'संपल्या, बाहेरून घ्या'. बाहेरच्या परवडत नाहीत. कुणाला बोलायचं?"

याला माझ्याकडे एकदम कोरडं उत्तर आहे आणि ते चालतं. त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलंय की ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. खिडकीवर भांडू नका, तो फार्मासिस्ट स्वतःच वैतागलेला असतो. त्याला एवढंच म्हणा, "केसपेपरवर 'औषध उपलब्ध नाही' लिहून तारीख टाकून द्या." नाही लिहीत म्हणाला तर समोर उभं राहून आपणच वहीत तारीख आणि गोळीचं नाव लिहा. अशा पाच-सहा पेशंटच्या झेरॉक्स जोडून वैद्यकीय अधीक्षकांना एक अर्ज, एक कॉपी जिल्हा शल्यचिकित्सकांना, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. सगळ्यांची सही एकत्र हवी. एकटा माणूस तक्रारखोर ठरतो, आठ जण गेले की शिपायाने खुर्च्या आणलेल्या मी बघितल्यात.

आणि गोळ्या मिळेपर्यंत डोस अर्धा करून पुरवायचा, हा उद्योग नको. त्यातून आजार उलटतो आणि मग भरतीची वेळ येते. डॉक्टरांना विचारा, स्टॉकमध्ये त्याच कामाची दुसरी कुठली आहे का.

"माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, सतरा वर्षं. आमच्यासारख्या घरांचा ग्रुप करावा म्हणून सुरू केलं. पहिल्यांदा नऊ जण आले, मग चार, आता मी आणि एक काकू. बंद करू का?"

दोघी आहात ना? मग चालू आहे. बंद कुठे झालाय.

पण काही गोष्टी विचारते. दर वेळी तारीख बदलता का? बदलू नका, दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार, पाऊस असो, लग्नसराई असो. येणारा सहा महिन्यांनीही येतो, तेव्हा दार उघडं दिसलं पाहिजे. कुणाच्या घरी भरवता का? मग लोक लाजतात, शाळेची खोली, वाचनालय, देवळाचा सभामंडप असं काहीतरी बघा. दर वेळी पाहुणा वक्ता आणता का? सोडा ते. चहा ठेवा आणि "या महिन्यात कसं गेलं" एवढं विचारा. एकच नियम, दुसऱ्याच्या गोळ्यांवर सल्ला नाही. "आमच्याने ती बंद केली, काही झालं नाही" या एका वाक्याने मी दोन ग्रुप बुडालेले पाहिलेत.

आणि लोकांना येण्यात काहीतरी हातात पडू द्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हे चांगलं निमित्त आहे. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व निघालं तर बऱ्याच सवलतींचे दरवाजे उघडतात, पण तो फॉर्म, ती मेडिकल बोर्डाची तारीख, ते फोटो, यात आई-बाप पार गळून जातात. तुम्ही सतरा वर्षांत हे सगळं केलंय. एका शनिवारी फक्त फॉर्म भरायला बोलवा, बघा किती येतात ते. फॉर्म भरता भरताच "आमच्यानंतर याचं काय" हा विषय निघतो. तो निघाला की उत्तर द्यायची घाई करू नका, मलाही ते नीट देता येत नाही.

"बहिणीचं लग्न जमतंय. तिला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) आहे, गोळ्यांवर तीन वर्षं उत्तम आहे, नोकरी करते. सांगायचं का? आई म्हणते एकदा लग्न झालं की सगळं नीट होईल."

सांगायचं. आणि आईला सांगा की लग्न हे औषध नाही, उलट जागरणं, दगदग, नवं घर, यात बायपोलर उसळू शकतो. लपवलेल्या लग्नात काय होतं ते मी बघितलंय, एक मुलगी सासरी तांदळाच्या डब्यात तळाशी गोळ्या ठेवायची, सासूने डबा उन्हात घातला त्या दिवशी सगळं बाहेर आलं, आणि तिने भीतीने गोळ्याच सोडल्या. महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली म्हणून लग्न रद्द करून मागता येतं, कोर्टात अशा केस जातात.

पण कुणी सांगायचं आणि कधी, हे बहिणीने ठरवायचं, मामाने किंवा मध्यस्थाने नाही. पत्रिका जुळायच्या आधी गावभर करायची गरज नाही. दोघं दोन-तीनदा भेटले, पटतंय असं वाटलं, की तिने स्वतः सांगावं आणि म्हणावं, माझ्या डॉक्टरांना भेटायला चल. तो आला तर बरंच काही कळेल त्याच्याबद्दल. तिला मूल हवं असेल तर गोळ्यांचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, काही गोळ्या गरोदरपणात बदलाव्या लागतात, स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

आणि तुम्ही विचारताय ते ठीक, पण बहिणीला विचारलंत का?