ऑर्गनॉइडची पहिली बॅच लावण्याआधी

इथे ऑर्गनॉइड म्हणजे स्टेम सेल्सपासून (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) वाढवलेले मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे. आधी स्टेम सेल्स नीट सांभाळायला शिका, बहुतेक बॅचेस तिथेच बिघडतात. कॉलनीच्या (पेशींच्या पुंजक्याच्या) कडा विस्कटलेल्या किंवा मधे पसरट पेशी दिसल्या, तर त्या वापरूच नका. मायकोप्लाझ्मा (पेशींना संसर्ग करणारे सूक्ष्म जिवाणू) आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना) तपासून घ्या.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- मॅट्रिजेल (गोळ्यांना आधार देणारं जेल) बर्फाबाहेर ठेवणं. खोलीच्या तापमानाला ते घट्ट व्हायला लागतं.
- पिपेटच्या अरुंद टिपने गोळे उचलणं. टोक कापून घ्या, नाहीतर गोळे फाटतात.

न्यूरल इंडक्शनच्या (पेशींना मज्जासंस्थेच्या पेशींकडे वळवणाऱ्या) माध्यमात काही दिवसांनी गोळ्याची कड उजळ, अर्धपारदर्शक दिसायला हवी. ती काळपटच राहिली तर तो गोळा बाजूला काढा, जीव अडकवू नका. पुढे गाभ्यातल्या पेशी मेल्या तर खचू नका. रक्तवाहिन्या नसल्याने आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. हे गोळे एखादा आजार अभ्यासायला वापरत असाल, तर एका बॅचवरून त्या आजाराबद्दल मात्र काहीच ठरवू नका.