रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या वसाहतींवर फाज वाढवताना

आपण ई. कोलाय या जिवाणूवर नुकतेच काम सुरू केले आहे, म्हणून सांगतो: रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर सुमारे १० कोटी पेशींमागे एखादीच उगवणारी वसाहत दुसरीसारखी असेल असे गृहीत धरू नका, कारण आरपीओबी या जनुकातील (ते जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेझचा, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या विकराचा, एक भाग घडवते) बदल प्रत्येकीत वेगळ्या जागी असू शकतो. टी७ हा फाज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू, सुरुवातीनंतर स्वतःचे आरएनए पॉलिमरेझ वापरतो. टी४ मात्र अखेरपर्यंत जिवाणूच्याच पॉलिमरेझवर विसंबतो. त्यामुळे टी४चे प्लाक (जिवाणूंच्या थरात फाजने पाडलेले स्वच्छ ठिपके) बारीक पडले, तर लगेच फाजच्या साठ्याला दोष न देता शेजारी बदल न झालेला मूळ जिवाणू-वाण लावून पाहावे. काही उत्परिवर्तने तापमानाला हळवी असतात, आणि चंद्रपूरकडच्या मे महिन्यात आमचा साधा इन्क्युबेटर ३७ अंशांवर उतरतच नाही. असले प्रयोग मी कापूस वेचणीच्या दिवसांतच करतो.