मणी कौल यांचा 'उसकी रोटी' फारच संथ आहे म्हणतात. तरी पाहावा का?

जरूर पाहा, फक्त गोष्ट पळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मोहन राकेश यांच्या कथेवरचा, १९६९ साली बनलेला हा कौल यांचा पहिला चित्रपट. पंजाबातली बालो बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोट्या घेऊन थांब्यावर उभी राहते. एक दिवस तिला उशीर होतो आणि तो रागाने रोटी न घेताच निघून जातो. घडतं ते जवळपास एवढंच, बाकी सगळं वाट पाहणं. के. के. महाजन यांचा कॅमेरा चेहऱ्यावर, हातांवर इतका रेंगाळतो की समोर दिसतंय ते खरं की बालोच्या मनातलं, हेच कळेनासं होतं. संवाद अगदी सपाट. मला ते आधी खटकलं होतं.

मी सोलापुरात शिकायला होतो तेव्हा आई मोहोळजवळच्या फाट्यावरून एसटीने डबा पाठवायची. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, वर शेंगाची चटणी. गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी ती उन्हात तशीच उभी. मला इकडे स्टँडवर एवढंच कळायचं, की आज डब्याला उशीर झाला. तिचं ते उभं राहणं मला या चित्रपटात दिसलं.

एका बैठकीत बघा, मोबाइल बाजूला ठेवून.