बॉड, बिट, बाइट: जुन्या पोर्टांचे हिशेब

प्रश्न: जुन्या फॅनक सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) आरएस-२३२ या सीरियल पोर्टमधून २०० केबीचा प्रोग्रॅम चढवतो. सेटिंग ४८०० बॉड (इथे सेकंदाला ४८०० बिट), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक ओळखायचा बिट), २ स्टॉप बिट. हिशेबाने पावणेसहा मिनिटं लागायला हवीत, पण आठेक मिनिटं जातात. केबल बदलू का?

केबल राहू द्या, चूक भागाकारात आहे. तुम्ही ४८०० ला ८ ने भागलंत. पण तुमच्या सेटिंगमध्ये एका अक्षरामागे १ स्टार्ट, ७ डेटा, १ पॅरिटी आणि २ स्टॉप असे ११ बिट तारेवरून जातात. ४८०० भागिले ११ म्हणजे सेकंदाला ४३६ अक्षरं. २०० केबीची अक्षरं होतात २,०४,८००, म्हणजे ४६९ सेकंद. ७ मिनिटं ४९ सेकंद. तुमचं मशीन अगदी वेळेवर आहे.

वेळ वाचवायचा तर दोन्ही टोकांना ९६०० करा, चार मिनिटांच्या आत काम होईल. एकाच टोकाला बदललंत तर ०८५ अलार्म येईल. पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळले नाहीत तरी बहुधा तोच. ०८७ आला तर मात्र भानगड वेगळी. मशीनचा बफर भरत आला की ते ‘थांब’ म्हणून डीसी३ हे अक्षर पाठवतं आणि त्यानंतर फार तर दहा अक्षरं सहन करतं. पीसीच्या पोर्टचा फिफो (पाठवायची अक्षरं साठवणारी जागा) १६ अक्षरांचा असतो, यूएसबी कन्व्हर्टरचा बहुतेक वेळा त्याहून मोठा. आत भरलेली अक्षरं थांबायचा हुकूम आल्यावरही बाहेर पडत राहतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून ट्रान्समिट बफर सगळ्यात खाली आणा. ती सोय नसेल तर एक्सऑन-एक्सऑफ (‘चालू’-‘थांब’चे हुकूम) चिपमध्येच सांभाळणारा कन्व्हर्टर घ्या. स्वस्तातला कन्व्हर्टर इथेच दगा देतो.

प्रश्न: आमच्या मशीनच्या कागदावर मेमरी ‘८० मीटर’ लिहिली आहे. याचे केबी किती?

३२ केबी. ही लांबी छिद्रांच्या कागदी टेपची. टेपच्या एका इंचात १० अक्षरं, म्हणजे मीटरला साधारण ३९४. त्याच मापाने ६४० मीटर म्हणजे २५६ केबी. वरच्या वाचकांचा २०० केबीचा प्रोग्रॅम ५२० मीटर भरेल, तुमच्याकडे तो मावणारच नाही. तो टेप मोडमध्ये पीसीवरून थेट चालवावा लागेल.

तेव्हा बॉडचा संबंध फीडशी, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाशी येतो. मोल्डच्या कामात एका ओळीत २२ अक्षरं आणि एका ओळीची हालचाल ०.१ मिमी धरा. वरच्याच सेटिंगला, ४८०० वर, सेकंदाला जेमतेम २० ओळी पोचतात, म्हणजे २ मिमी, मिनिटाला १२०. प्रोग्रॅममध्ये एफ६०० (मिनिटाला ६०० मिमी) लिहिलं असेल तरी टूल अडखळत चालेल आणि जॉबवर डाग पडतील. ऑपरेटर टूलला दोष देतो, तेव्हा आधी हा गुणाकार करून बघावा. ओळ क्रमांक आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या तरी बराच फरक पडतो.

प्रश्न: मॉडबस आरटीयूवर (मीटर आणि पीसीच्या संवादाची पद्धत) १६ एनर्जी मीटर आहेत, ९६०० बॉड, ८-ई-१ (८ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट). प्रत्येकाचे १० रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे खण) वाचायला एका फेरीत १२ सेकंद लागतात. १९२०० केलं तर सहा होतील का?

नाही, दहा होतील. बारा सेकंद लागतात त्याअर्थी तुमचं सॉफ्टवेअर एकेक रजिस्टर वेगळं मागत असणार. एका वाचनात ८ बाइट जातात, ७ येतात. १५ बाइट गुणिले ११ बिट, ९६०० वर १७ मिलिसेकंद. दोन फ्रेममध्ये साडेतीन अक्षरांची शांतता लागते, ती दोनदा मिळून ८. मीटरला उत्तर द्यायला ५० धरले तर एकूण ७५, आणि अशी १६० वाचनं. बॉड दुप्पट केल्याने पहिले दोनच आकडे निम्मे होतात. मीटरचे ५० तसेच राहतात.

दहाही रजिस्टर लागोपाठ असतील तर एकाच मागणीत घ्या. एका वेळी १२५ पर्यंत घेता येतात. ८ बाइट जाणार, २५ येणार, ३८ मिलिसेकंद. बाकीचे धरून ९६, आणि १६ मीटरची फेरी दीड सेकंदात. बॉडला हात लावायची गरजच नाही. एखादा मीटर बंद असेल तर टाइमआउट बघा: १ सेकंद आणि तीन प्रयत्न ठेवले असतील तर तो एकटाच फेरीचे तीन सेकंद खाईल.

प्रश्न: २४०० चा मॉडेम ‘६०० बॉड’ का म्हणवतो?

२४०० च्या मॉडेमच्या व्ही.२२ बिस या मानकात फोनच्या तारेवरचा सिग्नल सेकंदाला ६०० वेळाच बदलतो, पण प्रत्येक बदल ४ बिट वाहतो. पीसी ते मॉडेम या केबलवर मात्र एका बदलाला एकच बिट, तिथे बॉड आणि बिट सारखेच. शिवाय व्ही.४२ (चुका दुरुस्त करण्याची पद्धत) चालू असेल तर दोन मॉडेमांमध्ये स्टार्ट-स्टॉप बिट जातच नाहीत. म्हणून ३३,६०० च्या मॉडेमचा वेग काढताना १० ने नव्हे, ८ ने भागा: सेकंदाला ४२०० बाइट, त्यातून थोडे फ्रेमचे वजा. पोर्ट १,१५,२०० वर ठेवा, नाहीतर कॉम्प्रेशनचा फायदा केबलमध्येच अडकेल.

प्रश्न: ‘२ एमबी’ची जुनी ई१ लीज लाइन, फाइल सेकंदाला २४० केबीच्या वर का जात नाही?

लाइन सेकंदाला २०४८ किलोबिटची, ६४ किलोबिटचे ३२ भाग. शून्यावा भाग फ्रेमिंगचा, उरले १९८४. आठने भागून २४८ किलोबाइट, आणि त्यातून पॅकेटांचे हेडर जातात. ‘एमबी’ इथे मेगाबिट आहे. लाइन पुरवणाऱ्याकडे तक्रार करण्यासारखं यात काही नाही.