मुलाला नुसते खेळवतात, यात उपचार तो कोणता?

विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक ऑक्युपेशनल थेरपीबद्दल (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराबद्दल) एक शंका हमखास घेऊन येतात: झोक्यावर बसवायचे, उशांच्या ढिगावर उड्या मारायला लावायच्या, यात उपचार तो कोणता आणि त्याचे पैसे कशासाठी मोजायचे? सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात काम करणारे वडील आणि त्यांची पत्नी हीच शंका घेऊन आले, तेव्हा त्यांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा सहा वर्षांचा होता आणि थेरपी सुरू होऊन काही महिने उलटले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मॅडम, बोलायला तर अजून लागला नाही ओ," असे आई म्हणाली.

मी त्यांना सकाळचा घरातला क्रम विचारला आणि अडचण आंघोळीपाशी सापडली. टॉवेलने अंग पुसायला घेतले की मुलगा किंचाळून पळत असे. दिवसभर टॉवेल विणणाऱ्या वडिलांच्या हे फार जिव्हारी लागले होते. अनेक स्वमग्न मुलांना हलका, घासणारा स्पर्श सोसत नाही, पण घट्ट आणि स्थिर दाबाने ती शांत होतात. अमेरिकन थेरपिस्ट जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल यांची मेंदूत नीट सांगड घालण्याचा, जो विचार मांडला, त्यातून झोके आणि उड्या थेरपीत रुजल्या. मात्र त्यांचा उपयोग रोजच्या जगण्यात उतरतो आहे का, हे पालकांनी विचारलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून "येत्या तीन महिन्यांत घरातली कोणती गोष्ट तो स्वतः करू लागेल?" असे थेरपिस्टना विचारायला मी सांगितले. त्यानंतर आईला सत्रात आत बसवले गेले. अंग न घासता टॉवेल घट्ट गुंडाळून तळहातांनी दाबत टिपायचे आणि हातांना तसाच घट्ट दाब मिळावा म्हणून आंघोळीआधी त्याच्याकडून भाकरीचे पीठ मळून घ्यायचे, असे ठरले. शर्टाचे शेवटचे बटण आईने काजात अर्धे सरकवायचे आणि उरलेले त्याने ओढायचे, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमले की मग पूर्ण बटण त्याचे. काही आठवड्यांत पुसतानाचे रडणे बरेच कमी झाले, डोके धुण्याच्या दिवशी मात्र ते अजूनही होते.

बोलण्याचा प्रश्न वेगळा असल्याने श्रवणचाचणी आणि स्पीच थेरपी स्वतंत्रपणे करावी लागते. ऑक्युपेशनल थेरपीकडून फक्त बोलणे येण्याची वाट पाहिल्यास तिचे खरे काम दिसत नाही. पालकांना कायम दाराबाहेर बसवून काहीच न सांगणारे केंद्र मला योग्य वाटत नाही.

खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विमा योजनेत स्वमग्न मुलांना 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यात मर्यादेपर्यंत थेरपीचाही समावेश आहे. तिच्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागत असल्याने ते आधी काढून घ्यावे, असे मी या दोघांना सुचवले.