रिबटलला ‘खंडन’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: बॅटल रॅपच्या, म्हणजे दोन रॅपर यमकांतून एकमेकांवर तुटून पडतात त्या सामन्यांचं मराठीत समालोचन करताना ‘रिबटल’ (समोरच्याच्या ओळीला तिथल्या तिथे दिलेलं उत्तर) आणि ‘स्टेज प्रेझेन्स’ (मंचावरची छाप) या दोन शब्दांपाशी अडायला होतं. पहिल्याला कोशात ‘खंडन’ सापडतं, दुसऱ्याला कोणीतरी ‘रंगमंचीय उपस्थिती’ सुचवलं. दोन्ही जिभेवर बसत नाहीत. मग काय म्हणावं?

जिभेवर बसत नाहीत याला कारण आहे. खंडन होतं ते मताचं, सिद्धान्ताचं. समोरच्याचा पूर्वपक्ष नीट मांडायचा, त्यातले दोष दाखवायचे, मग आपली बाजू सांगायची, अशी ही शास्त्रीपंडितांची रीत. खंडन महिन्याभरानं लेख लिहूनही करता येतं. बॅटल रॅपमधल्या रिबटलला एवढं आयुष्य नसतं. समोरच्यानं ओळ टाकली, पब्लिक ओरडलं, आणि तो ओरडा विरायच्या आत तुमच्या तोंडून काहीतरी निघालं पाहिजे. न्यायशास्त्रानं वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद सत्य शोधायला, जल्प जिंकायला आणि वितंडा आपलं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडायला. आपला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. या वर्गवारीत बॅटल रॅप सरळसरळ जल्पात बसतो, आणि ‘खंडन’ या शब्दाला मात्र वादाचा वास आहे.

शब्द शोधण्याआधी ती गोष्ट घडते कशी ते पाहू. न्यूयॉर्कची यूआरएल, टोरांटोची किंग ऑफ द डॉट अशा लीगमध्ये आज साधारणपणे दोघं समोरासमोर उभे राहतात, मागे संगीत नसतं आणि प्रत्येकाला बहुधा तीन फेऱ्या मिळतात. बहुतेक ओळी आधी लिहून पाठ केलेल्या असतात, आणि हे प्रेक्षकांनाही ठाऊक असतं. म्हणूनच फेरीच्या सुरुवातीला, पाठ केलेलं सुरू करण्याआधी, समोरच्यानं आत्ताच म्हटलेल्या ओळीवर टाकलेल्या दोनचार ओळींना एवढा भाव असतो. त्या घरून आणता येत नाहीत. हॉलो दा डॉनसारख्या रॅपरचा लौकिक मुख्यतः अशा ओळींवरच उभा आहे. नंतर बोलणाऱ्याला प्रत्येक फेरीत ही संधी मिळते, त्यामुळे आधी कोण बोलणार यालाही महत्त्व येतं.

इंग्रजी ‘रिबट’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ मागे ढकलणं, परतवून लावणं. मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाला आपापला गंध आहे. ‘प्रत्युत्तर’ म्हणजे खरं तर उत्तराला दिलेलं उत्तर. पण आज ते सीमेवरच्या गोळीबारात आणि क्रिकेटच्या वार्तांकनात इतकं मुरलं आहे, की ‘प्रत्युत्तरादाखल’ ऐकलं की दुसरा डाव सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘पलटवार’ बातम्यांतून हिंदीकडून आलेला आहे. त्यात जोर आहे, पण शब्दांची कारागिरी त्यात दिसत नाही. ‘तोड’ मला फार आवडतो, कारण त्यात मोडणं आणि बरोबरी असे दोन्ही अर्थ नांदतात. ‘तोडीस तोड’ म्हणताना आपण दोन्ही एकदम म्हणतो. पण नुसतं ‘त्यानं तोड दिली’ असं कोणी बोलत नाही.

माझं मत ‘जबाब’ला. मूळ अरबी ‘जवाब’, मराठी तोंडात ‘व’चा ‘ब’ झाला, आणि त्यातून ‘जबाबदारी’ आणि ‘हजरजबाबी’ हे शब्द आले. हजरजबाबी माणूस म्हणजे ज्याचा जबाब मागितल्या क्षणी हजर असतो तो. रिबटलमधला जो मुख्य गुण, ती तत्परता, या शब्दानं आधीच सांभाळून ठेवली आहे. पोलीस चौकीतला ‘जबाब नोंदवणं’ हा अर्थ आडवा येईल अशी शंका घेतली जाते. मला ती अडचण वाटत नाही, कारण ‘सवाल-जवाब’ म्हटल्यावर कोणाला चौकी आठवत नाही.

आणि हा शब्द नुसता कोशातून उचललेला नाही, तो आपल्याकडे याच कामाला जुंपलेला होता. कलगी-तुऱ्याच्या फडात कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एकानं कोड्यासारखा भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो गाण्यातच सोडवायचा आणि वर आपला सवाल ठेवायचा. कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात आजही हे चालतं. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत दोन भजनीबुवा आमनेसामने बसतात. लहानपणी आजोळी ती ऐकताना मला अभंगापेक्षा पुढच्या गजराची ओढ असायची, कारण समोरच्या बुवानं मारलेला टोमणा आमचे बुवा तिथे परतवणार हे माहीत असायचं. तुमच्या ‘राउंड’साठी ‘बारी’ हा शब्द इथेच तयार मिळतो. फिलिपिन्समध्ये 1924 पासून ‘बालागतासान’ नावाचे पद्यातले वाद रंगत, आणि तिथल्या फ्लिपटॉप या बॅटल रॅप लीगबद्दल बोलताना लोकांना ती परंपरा आठवते. आपण आपली आठवली तर त्यात ओढूनताणून काही नाही.

आता एक बारकावा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक जबाब सारखा नसतो. समोरच्याला वेगळ्या शब्दांत हाणणं निराळं आणि त्याचाच शब्द धरून त्याच्यावर फिरवणं निराळं. या दुसऱ्याला रॅपर ‘फ्लिप’ म्हणतात. मराठीत त्याला ‘उलटवणं’ म्हणावं. उदाहरणाला चार ओळी रचून पाहिल्या. पहिला म्हणतो:

तुझं नाव गल्लीमध्ये कुठे चालत नाही,
माझ्या शब्दावाचून इथे पान हलत नाही.

दुसरा:

पान हलत नाही कारण वारा तुझा पडला आहे,
वाळलेल्या खोडामध्ये शब्द तुझा अडला आहे.

‘पान हलत नाही’ हा पहिल्याचा मोठेपणा होता. दुसऱ्यानं तो वाक्प्रचार अक्षरशः घेतला, आणि मोठेपणाची मरगळ झाली. ‘शब्दात पकडणं’ म्हणतात ते हेच. घरात मूल असं बोललं तर ‘उलट उत्तर देऊ नकोस’ म्हणून दटावणी मिळते, फडावर त्याच उलट उत्तराला दाद मिळते.

‘स्टेज प्रेझेन्स’ला मात्र फार शोधायला नको. आपली नाट्यसमीक्षा पूर्वीपासून ‘रंगमंचावरचा वावर’ म्हणत आली आहे. ‘उपस्थिती’ हजेरीपटावर लागते, तिच्यात हालचाल नाही. वावरात चालणं, थांबणं, बघणं, जागा व्यापणं, सगळं येतं. विदर्भ-मराठवाड्याकडे वावर म्हणजे शेत, हेही मला या संदर्भात सुंदर वाटतं: ज्याचा वावर चांगला, त्याच्या पायाखालची जमीन त्याची असते. 2012 मध्ये लोडेड लक्स हा रॅपर आपल्या प्रतिस्पर्ध्यासमोर, कॅलिकोसमोर, अंत्ययात्रेच्या थाटात, शवपेटीसकट आला. एक ओळही म्हणण्याआधी तो मंच त्याचा झाला होता. ‘सभाधीटपणा’ ही या वावराची पहिली पायरी. तो म्हणजे न घाबरणं, पण न घाबरणारा प्रत्येकजण मंच भरून टाकतोच असं नाही.

जबाब आणि वावर यांची झुंज पाहायची तर 1981 च्या डिसेंबरात जावं लागतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबात बिझी बी हा रॅपर होता, ज्याचं सगळं बळ वावरात होतं: लोकांना ओरडायला लावायचं, त्यांच्याकडून प्रतिसाद वदवून घ्यायचा. त्याच्यानंतर कूल मो डी उभा राहिला आणि बिझी बीच्या त्याच लकबींवर बोट ठेवत यमकांतून त्याला सोलून काढलं. बॅटल रॅपच्या इतिहासात ही रात्र वळणाची मानतात, कारण तिथून पुढे पब्लिक नाचवणं पुरेनासं झालं, समोरच्याला शब्दांत पकडणंही आवश्यक झालं.

जाता जाता ‘चोक’बद्दल. पाठ केलेली ओळ ऐन वेळी विसरणं याला ‘गुदमरणं’ म्हणू नका, ‘दातखीळ बसणं’ म्हणा. मग तुमच्या समालोचनातलं वाक्य असं होईल: ‘दुसऱ्या बारीत त्याचा वावर छान होता, पहिलाच जबाब त्यानं उलटवून दिला, पण तिसऱ्या बारीत मध्येच त्याची दातखीळ बसली.’